बोलपटांस पाऊल देणारे जॅक फोली

चित्रपट संपून दिवे लागले की प्रेक्षक उठतात, कोणी चपला शोधतो, कोणी झोपलेले पोर खांद्यावर घेतो, आणि त्याच वेळी मागे पडद्यावर नावांची लांबच लांब यादी वर सरकत असते. ती शेवटपर्यंत वाचण्याइतका धीर ज्या कोणी धरला असेल त्यास तीत 'फोली' असा एक शब्द आढळला असेल. पुष्कळांस ते एखाद्या यंत्राचे किंवा रीतीचे नाव वाटते, आणि आज ते तसे झालेही आहे. वस्तुतः ते एका मनुष्याचे आडनाव होय. बोलपटांच्या आरंभापासून आयुष्याच्या अखेरीपर्यंत जो चित्रपटांसाठी आवाज करीत राहिला, आणि ज्याचे नाव पडद्यावर आणावे असे त्याच्या मालकांच्या मनात कधी आले नाही, त्याच्या आडनावावाचून आज कोठलाही मोठा चित्रपट सहसा पुरा होत नाही. ह्या गृहस्थाचे चरित्र आपल्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडीलमंडळींस सांगावे असे आमच्या मनात पुष्कळ दिवस होते.

जॅक डॉनोव्हन फोली ह्यांचा जन्म १८९१ च्या एप्रिल महिन्यात न्यूयॉर्क शहराच्या यॉर्कव्हिल भागात झाला. बालपण आणि पहिल्या नोकऱ्या ह्यांवर आम्ही रेंगाळत नाही. तरुणपणीच ते देशाच्या दुसऱ्या टोकास, कॅलिफोर्नियात गेले आणि सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी ओवेन्स नदीच्या खोऱ्यात बिशप नावाचे एक लहानसे गाव आहे, तेथे राहिले. तेथे ते लोखंडी सामानाच्या दुकानात काम करीत, गावच्या वर्तमानपत्रासाठी लिहीत आणि हौशी मंडळींत नाटकेही बसवीत. ज्यास पुढे बिजागऱ्या, साखळ्या, कड्या आणि कोयंडे ह्यांतून हालत्या चालत्या माणसांचे आवाज काढावयाचे होते, त्यास ह्याहून चांगली उमेदवारी कोणती मिळणार?

त्या खोऱ्यावर तेव्हा मोठे संकट कोसळत होते. दूर दक्षिणेस लॉस एंजेलिस शहर झपाट्याने वाढत होते आणि त्यास पाणी पुरत नव्हते. शहराने खोऱ्यातील जमिनी पाण्याच्या हक्कांसह विकत घेतल्या आणि १९१३ साली सुमारे ३७५ किलोमीटर लांबीचा कालवा पुरा करून ओवेन्स नदीचे पाणी आपल्याकडे वळविले. शेती मावळू लागली, तशी गावच्या दुकानदारांच्याही तोंडचे पाणी पळाले. शहराच्या तहानेपायी ज्यांची गावे उजाड झाली अशी कुटुंबे आपल्याकडेही आहेत. त्यांस हे दुःख समजावून सांगावयास नको. फोली ह्यांनी ह्यातून वाट शोधली ती अशी. उघडा माळ, त्यावर विखुरलेले प्रचंड खडक आणि पाठीशी बर्फाची शिखरे! घोडेस्वार आणि दरोडेखोर ह्यांच्या चित्रपटांस असा देखावा पैसे देऊनही उभारता येणार नाही. तो तेथे फुकट पडून होता. चित्रपट काढणाऱ्यांस खोऱ्यात आणावे, म्हणजे त्यांच्या बिऱ्हाडामुळे गावात चार पैसे खेळतील, ह्या खटपटीत ते पडले, आणि त्या ओघात स्वतःही चित्रपटांच्या धंद्यात जाऊन पोहोचले.

युनिव्हर्सल कंपनीत त्यांनी प्रथम केले नाही असे काम थोडेच असेल. मूकपटांचा तो काळ. घोड्यावरून पडावयाचे असेल तर मुख्य नटाऐवजी पडणे, चित्रणासाठी जागा हुडकणे, दिग्दर्शकास मदत करणे, पत्र धरलेला हात किंवा भिंतीवरचे घड्याळ असली बारीकसारीक दृश्ये टिपून आणणे, अशी हरहुन्नरी नोकरी ते करीत होते. चित्रपटास आवाज नव्हता म्हणून चित्रपटगृहात शांतता असे, असे मात्र कोणी समजू नये. पडद्याखाली पियानो किंवा वाद्यवृंद वाजत असे आणि कित्येक ठिकाणी एखादा वादक ढोल, शिट्ट्या व घंटा घेऊन पडद्यावरील प्रसंगाबरोबर ठोके देत असे.

६ ऑक्टोबर १९२७ रोजी न्यूयॉर्क येथे वॉर्नर बंधूंचा 'जॅझ सिंगर' हा चित्रपट झळकला. त्यात नट गात होता आणि मधूनमधून बोलतही होता. एका रात्रीत सारे मूकपट शिळे झाले, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे. युनिव्हर्सलपुढे तर फारच बिकट प्रश्न उभा राहिला. एड्ना फर्बर ह्या लेखिकेच्या 'शो बोट' नामक कादंबरीवर त्या कंपनीने मोठा खर्च करून चित्रपट हाती घेतला होता, आणि तो मूक होता. इकडे डिसेंबर १९२७ मध्ये त्याच कथेवरील संगीत नाटक न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले आणि त्याची पदे लोकांच्या तोंडी बसली. ज्या कथेतील गाणी सर्वत्र ऐकू येत आहेत तिचाच मुका चित्रपट कोण पाहणार? कंपनीने ध्वनिमुद्रणाची यंत्रे भाड्याने आणिली, आणि आपल्या नोकरवर्गात नभोवाणीच्या कामाचा अनुभव कोणास आहे अशी विचारणा केली. जे पुढे झाले त्यांत फोली होते.

नभोवाणीच्या माणसांचीच आठवण का व्हावी, हे समजण्यास थोडे मागे गेले पाहिजे. खोटा आवाज करण्याची विद्या नाटकाइतकीच जुनी आहे. इंग्लंडातील जुन्या नाट्यगृहांत छपराजवळ लाकडी पन्हळी बसविलेल्या असत आणि त्यांतून लोखंडी गोळे गडगडत सोडले म्हणजे खाली प्रेक्षकांस वीज कडाडल्याचा भास होई. ब्रिस्टल शहरातील १७६६ साली उघडलेल्या नाट्यगृहात अशी पन्हळ अद्याप जपून ठेविलेली आहे. जॉन डेनिस नावाच्या नाटककाराने १७०९ साली लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात आपल्या नाटकासाठी मेघगर्जनेची एक नवी रीत काढिली. नाटक पडले, पण पुढे त्याच नाट्यगृहात शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'च्या प्रयोगात आपलाच गडगडाट वाजत असल्याचे त्याने ऐकिले आणि तो संतापला, अशी आख्यायिका आहे. नाटक टाकून दिले आणि गडगडाट तेवढा ठेवून घेतला, ह्यात त्या मंडळींची कलादृष्टी दिसते असे आम्हांस वाटते. परंतु बिचाऱ्या डेनिसचे नाव कोणी घेतले नाही हेही खरेच. आमच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी संमेलनात पडद्यामागे उभे राहून लांब पत्रा हलविला असेल ते ह्याच परंपरेतील होत.

नभोवाणीने ह्या विद्येस नवे वळण दिले. तेथे डोळ्यास काहीच दिसत नाही, म्हणून दार, पाऊस, घोडा, आग, लढाई सर्व कानानेच उभे करावे लागते. आणि तेथेच कारागिरांस एक चमत्कारिक गोष्ट कळून आली, ती ही की, खरा आवाज पुष्कळदा खोटा वाटतो. खऱ्या पावसापुढे मायक्रोफोन धरला तर ऐकणारास कढईत काही तळत आहे असे वाटते. ह्याचे कारण असे की मनुष्याचा कान एकटा ऐकत नाही. त्याच्या सोबतीला डोळे असतात, अंगावर पडणारे थेंब असतात, मातीचा वास असतो. कान गर्दीतूनही आपल्याला हवा तो आवाज निवडून घेतो. मायक्रोफोनला निवड करता येत नाही. जे येईल ते तो सरसकट गिळतो.

स्फोटाचेच उदाहरण घेऊ, कारण मुलांस त्याचे कुतूहल अधिक. तोफ किंवा सुरुंग उडतो तेव्हा हवेचा दाब डोळ्याचे पाते लवण्यापूर्वीच एकदम चढतो आणि तितक्याच झपाट्याने उतरतो. जवळ ठेविलेल्या मायक्रोफोनचा नाजूक पडदा तो धक्का सोसू शकत नाही. जेथवर त्याची झेप तेथवर तो जातो आणि पुढचा सारा जोर छाटला जातो. मुद्रण ऐकावे तर कागद फाटल्यासारखी किंवा पिशवी फुटल्यासारखी एक क्षुद्र 'फट' तेवढी ऐकू येते. छातीवर बसलेला तडाखा, खिडक्यांची तावदाने हादरणे, डोंगरावरून परत आलेला घुमारा, वर उडालेली माती व दगड खाली पडणे, ज्यांमुळे स्फोट हा स्फोट वाटतो ते सारे त्यात नसते. म्हणून कारागीर स्फोटाचे तुकडे करतो. आरंभीच्या कडाडण्यासाठी चामड्याच्या उशीवर पातळ काठीचा फटका किंवा फुगा फोडणे. मधल्या गर्जनेसाठी मोठा ढोल किंवा लोंबता पत्रा. शेवटी मूठभर खडे, काचेचे तुकडे व डबे जमिनीवर ओतणे. तिन्ही अशा रीतीने जुळवावयाची की सांधा कळू नये. नभोवाणीच्या पहिल्या काळात ढोलाच्या आत शिशाच्या गोळ्या घालून ते फिरवीत आणि त्यातून दूरच्या तोफखान्याचा आवाज काढीत. फटाके आणि बंदुकीची दारू ह्यांस ह्यात कोठेही जागा नाही, हे आमच्या उत्साही विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. ह्या कामात त्यांचा उपयोगही नाही.

ध्वनिमुद्रण हाती आल्यावर आणखी एक किल्ली सापडली. मुद्रित केलेला आवाज निम्म्या वेगाने वाजविला म्हणजे तो एक सप्तक खाली उतरतो आणि दुप्पट वेळ टिकतो. लहान टाळीची अशा रीतीने मोठी धडक होते. १९३३ साली निघालेल्या 'किंग काँग' चित्रपटात मरे स्पिव्हॅक ह्यांनी सिंह व वाघ ह्यांच्या डरकाळ्या ह्याच युक्तीने मंद करून आणि उलट्या वाजवून त्या अवाढव्य वानरास कंठ दिला. आणखी एक गंमत सांगून पुढे जातो. प्रकाश तत्काळ पोहोचतो, पण आवाजास एक किलोमीटर चालून येण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. ढगातील वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो हे शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. तथापि चित्रपटात दूर क्षितिजावर दारूगोळ्याचे कोठार उडते आणि त्याच क्षणी आवाज होतो. पदार्थविज्ञान एकीकडे राहते. पण तीन सेकंदांनी आवाज आला असता तर प्रेक्षकांनी यंत्र बिघडले म्हणून ओरड केली असती.

असो. 'शो बोट'कडे परत वळू. एका मोठ्या बंदिस्त दालनात पडदा लाविला. एका अंगास वाद्यवृंद बसला, दुसऱ्या अंगास आपापल्या वस्तू घेऊन फोली आणि त्यांचे सोबती उभे राहिले, आणि मूक चित्रपट पडद्यावर सुरू झाला. संगीत, गर्दीची कुजबुज, टाळ्या, पावले, दारांची उघडझाप हे सर्व पाहता पाहता त्याच वेळी एकाच ध्वनिपट्टीवर उतरावयाचे होते. त्या काळच्या एका रिळाची लांबी एक हजार फूट असे आणि ते अकरा मिनिटे चाले. दहाव्या मिनिटास एखाद्याच्या हातून वाटी निसटली किंवा एखाद्यास शिंक आली, तर वाद्यवृंदासह सर्वांनी पुनः पहिल्यापासून आरंभ करावयाचा. नटाचे पाऊल पडद्यावर टेकते त्याच क्षणी इकडे पाऊल वाजले पाहिजे. किंचित मागेपुढे झाले तरी डोळा फसत नाही. असे करीत करीत तो चित्रपट पुरा झाला आणि १९२९ साली प्रदर्शित झाला.

येथून पुढे फोली ह्यांनी ह्याच कामास वाहून घेतले. कोणी म्हणेल, नट चालत असताना त्याच्या पावलांचा आवाज तेथेच का घेऊ नये? अडचण अशी की, चित्रण चालू असता मायक्रोफोन नटाच्या मुखाकडे वळविलेला असतो. पावलांचा आवाज त्यात आला तर संवाद बुडतो. शिवाय पडद्यावर जो संगमरवरी राजवाडा दिसतो तो पुष्कळदा रंगविलेल्या लाकडी फळ्यांचा असतो, आणि दगडी जिना चढणाऱ्या सरदाराची पावले पोकळ पेटीवर चालल्यासारखी वाजतात. म्हणून चित्रण संपल्यावर फोली दालनात एकटे उभे राहत. समोर चित्रपट, पायाखाली कधी वाळू, कधी खडी, कधी फरशी, कधी फळी. हातात त्या प्रसंगास लागणारी वस्तू आणि अंगावर सळसळेल असा कपडा. एकदा पडदा उजळला म्हणजे ते त्या नटाबरोबर चालत, त्याच्याबरोबर थांबत आणि त्याच्याबरोबर वळत.

ह्यात कौशल्य ते कोणते, असे वरवर पाहणारास वाटेल. चालणे कोणास येत नाही? फोली ह्यांचे उत्तर त्यांच्या कामातच होते. नुसते पाऊल पाडून भागत नाही, ते पात्र अंगात आणावे लागते, असे ते मानीत. दिवाळे निघालेला मनुष्य घराकडे ज्या पावलांनी येतो त्या पावलांनी नोकरी लागलेला तरुण येत नाही, आणि दोघांच्या जोड्यांखाली फरशी तीच असते. प्रत्येक नामांकित नटाची चाल त्यांनी बारकाईने अभ्यासिली होती. कोणाची भरदार, कोणाची चपळ, कोणाची मांजरासारखी मऊ, हे त्यांच्या पायांस पाठ होते. स्त्रियांची चाल त्यांस सर्वांत अवघड वाटे. पावले जवळ जवळ आणि भरभर पडतात, आणि त्यांच्याशी बरोबरी करता करता ह्या पुरुषास धाप लागे. दोन पाय आणि एक हातकाठी एवढ्या सामग्रीवर ते तीन माणसे एकत्र चालल्याचा भास उत्पन्न करीत. दालनाच्या त्या चार भिंतींत आपण आयुष्यात सुमारे आठ हजार किलोमीटर चाललो असू, असा त्यांचा स्वतःचा अंदाज होता. मुंबईहून कलकत्त्यास पायी दोनदा जाऊन यावे, तेवढी ही मजल झाली. आणि मनुष्य मात्र खोलीच्या बाहेर गेला नाही.

हे सर्व एका दमात करावे असा त्यांचा आग्रह असे. पाऊल, कपड्याची सळसळ, पेला खाली ठेविल्याचा आवाज, हे निराळे निराळे घेऊन मागाहून कातरीने जुळविणे त्यांस पसंत नव्हते. मनुष्य एकाच वेळी चालतो, हालतो आणि वस्तू हाताळतो, तेव्हा आवाजही एकत्रच जन्मास यावेत अशी त्यांची धारणा. पुढे ध्वनिमुद्रणाची साधने सुधारली आणि निराळ्या पट्ट्यांवर निराळे आवाज घेणे सोपे झाले. आज पावले, कपडे आणि वस्तू ह्यांचे तीन स्वतंत्र भाग करण्याचीच चाल आहे. सोय त्यात अधिक हे कबूल. पण जुन्या पद्धतीत जो जिवंतपणा होता तो ह्या नव्या सोयीत थोडा हरवला असावा, अशी आम्हांस शंका येते.

ह्या विद्येतील वस्तूंची यादी वाचली तर एखाद्या गृहिणीस आपलेच घर लुटल्यासारखे वाटेल. चामड्याच्या पिशवीत मक्याचे सत्त्व भरून दाबले म्हणजे बर्फावर पाऊल पडते. नारळाच्या दोन करवंट्या म्हणजे घोड्याच्या टापा. सेलोफेनचा कागद हळूहळू चुरगळला की आग तडतडू लागते; हातमोज्यांची जोडी फडफडविली की पाखरू उडते; भाजीचा कोवळा दांडा मोडला की हाड मोडते. मुलांनी घरी डोळे मिटून हे प्रयोग अवश्य करून पाहावेत. डोळे उघडे ठेविले तर करवंट्या ह्या करवंट्याच राहतील.

फोली ह्यांच्याविषयी सर्वांत अधिक सांगितली जाणारी हकीकत १९६० साली प्रदर्शित झालेल्या 'स्पार्टाकस' चित्रपटाची आहे. प्राचीन रोममधील गुलामांच्या बंडाची ही कथा. तीत चिलखते घातलेल्या सैन्याच्या कूचाचे दृश्य होते. ते परदेशी चित्रित झाले होते आणि तेथे घेतलेला आवाज उपयोगी पडण्यासारखा नव्हता. दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिक ह्यांच्या मनात सर्व लवाजमा घेऊन पुनः तिकडे जावे आणि आवाजासाठी सारे सैन्य पुनः चालवावे असे आले. खर्चाचा विचार करूनच कंपनीच्या छातीत धडकी भरली असेल. असे सांगतात की फोली उठून आपल्या मोटारीकडे गेले, किल्ल्यांचा एक मोठा जुडगा घेऊन आले आणि पडद्याकडे पाहत तो मायक्रोफोनपुढे खुळखुळवू लागले. हजारो सैनिकांची चिलखते वाजू लागली! प्रवास रद्द झाला. त्या वेळी फोली ह्यांचे वय सत्तरीच्या घरात पोहोचत होते.

आमच्या वाचकांतील काही वडीलमंडळी येथे कपाळास आठ्या घालतील, हे आम्ही जाणून आहो. एवढी सारी फसवणूक. आणि तिचे कौतुक शाळेच्या वार्षिकांत? प्रश्न टाळण्यासारखा नाही. नाटकात राजाची दाढी खोटी असते आणि चित्रात सपाट कागदावर दूरचा डोंगर दिसतो. तेथे आपणांस कोणी फसविले असे आपण म्हणत नाही, कारण पाहणारा व दाखविणारा ह्यांच्यात तसा करारच झालेला असतो. कथापटातील पाऊल ह्या करारात बसते. परंतु हीच विद्या दुसरीकडे वापरली गेली आहे. दुसऱ्या महायुद्धात रणांगणावर जी वार्ताचित्रे टिपली गेली त्यांपैकी पुष्कळ मुकी होती. बाँबगोळ्यांचे धडाके त्यांत मागाहून, दूरच्या शहरात बसून, भरले गेले. प्रेक्षक मात्र खऱ्या रणाचा खरा आवाज ऐकत आहो असे समजून ऐकत होते. तेथे करार नव्हता. त्या कामास आम्ही फोली ह्यांच्या कामाच्या पंक्तीस बसवू शकत नाही, मग स्फोट कितीही हुबेहूब साधलेला असो.

फोली ह्यांस ह्या कामाबद्दल जगाकडून काय मिळाले? पगार मिळाला, आणि सोबत्यांत मान मिळाला. पडद्यावर नाव आले नाही. नट, कथालेखक, केशभूषाकार ह्यांची नावे येत. नायिकेस तिची चाल देणारा अंधारातच राहिला. खरे पाहता त्यांची कामगिरी जितकी उत्तम तितकी ती लपणार, कारण कोणास संशय आला की काम फसलेच. एखाद्या प्रेक्षकाने घरी जाऊन पावलांचे आवाज छान होते असे म्हटले असते, तर फोली ह्यांस रात्री झोप आली नसती असे आम्हांस वाटते. १९६७ साली ते वारले. काम त्यांनी अखेरपर्यंत सोडले नव्हते. पण दुसऱ्या कंपन्यांतील कारागीर ह्या कामाच्या दालनास त्यांचेच नाव देऊ लागले होते, आणि हळूहळू दालनाचे नाव ते कामाचे नाव आणि कामाचे नाव ते करणाराची पदवी असे होत गेले. ऑस्कर पारितोषिकांत ह्या कलेसाठी स्वतंत्र पारितोषिक मात्र अद्याप नाही.

त्यांच्या पश्चात हे काम कमी होण्याऐवजी वाढले, आणि त्याचे कारण व्यापारी आहे. चित्रपट परभाषेत न्यावयाचा झाला म्हणजे मूळ संवाद काढून टाकावे लागतात, आणि संवादांबरोबर त्याच पट्टीवरील पावले, दारे, भांडी हेही सर्व जातात. म्हणून संवादांवाचून बाकीचे सर्व आवाज असलेली एक वेगळी पट्टी तयार ठेवावी लागते. एखादा अमेरिकन चित्रपट हिंदीत ऐकताना नायक बोलतो हिंदी, पण त्याची पावले असतात अमेरिकेतील कोणा फोली कलावंताची.

मुंबईत ह्या कलेची गरज तर आणखीच मोठी ठरली. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट लागला. त्याचे चित्रण आगगाडीच्या रुळांजवळच्या आवारात झाले होते आणि गाड्यांचा खडखडाट नको म्हणून पुष्कळसे काम रात्री, गाड्या थांबल्यावर, उरकावे लागले. त्या चित्रपटात आवाज जागच्या जागीच घेतला होता. पुढे रस्त्यांवरचा गोंगाट वाढला, यंत्रे घरघरू लागली आणि नटांनी संवाद मागाहून बंद दालनात बोलण्याची रीत रूढ झाली. कित्येक दशके हिंदी चित्रपट असेच तयार झाले. २००१ साली आलेल्या 'लगान' चित्रपटात संवाद चित्रणाच्या वेळीच घेतले होते, ही तेव्हा बातमी होण्याजोगी गोष्ट ठरली. संवाद मागाहून म्हटले म्हणजे सोबतचा प्रत्येक आवाज, दाराची कडी असो की पाण्याचा तांब्या, पहिल्यापासून नवा करणे आले. मुंबईतील ध्वनिमुद्रणगृहांत ह्या कामासाठी राखून ठेविलेल्या खोल्या असतात. जमिनीत वाळूचा, मातीचा व फरशीचा चौकोन, भिंतीशी जुन्या पादत्राणांचे ढीग, कोपऱ्यात बादल्या, साखळ्या आणि मोडकी दारे. फोली ह्यांस तेथे नेले असते तर ते पाचच मिनिटांत घरच्यासारखे वागू लागले असते. बांगड्या, पैंजण, नऊवारी लुगड्याची सळसळ आणि कोल्हापुरी वहाणांची करकर, एवढ्या चार गोष्टी मात्र त्यांस नव्याने शिकाव्या लागल्या असत्या.